शेततळ्यातला कटला एकदा नेतात, परत का नेत नाहीत?

शेततळेवाला, जत:
डाळिंबाच्या शेततळ्यात रोहू-कटला मासा सोडला होता. आता अर्धा-पाऊण किलोचा झालाय. तळ्यावर १६० रुपये किलोनं देतो. माणसं एकदा हौसेनं नेतात, पुढं दोन-दोन महिने फिरकत नाहीत. चिकनच्या दुकानात मात्र दर रविवारी रांग. दर पाडू का?

विश्रामबागची वहिनी, सांगली:
दादा, दराचं नाही हो. आमच्या घरचं सांगते. सोमवार शंकराचा, मंगळवार सासूबाईंचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. वर एकादशी, चतुर्थी. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातल्या दोन वारी मी सातला घरी येते, खवले काढत कोण बसणार? रविवार चिकननं आधीच धरलेला. शिवाय मासा आतल्या ओट्यावर चालत नाही, मागच्या अंगणात शेगडी मांडायची. धाकट्याच्या घशात एकदा रोहूचा काटा अडकला, रात्री दहाला दवाखाना गाठला. तेव्हापासनं घरचा मासा नको म्हणतो. हॉटेलातला बासा मात्र मिटक्या मारत खातो. तोही पाळलेलाच की! पण बिनकाट्याचा.

मासळीवाला, कराड:
वहिनींचं खरं, पण वासाचं कोण बोलणार? तळ्याचं पाणी हिरवंगार झालं की मातकट वास मांसात उतरतो. मग चिंच घाला नाहीतर कोकम, जीभ ओळखतेच. असं गिऱ्हाईक तक्रार करत नाही, नुसतं येत नाही. काढायच्या आधी तीन-चार दिवस खाद्य बंद करून स्वच्छ पाण्यात ठेवा. आणि घाई नको. अर्ध्या किलोच्या माशाचे काटे केसासारखे. दोन किलोचा कटला झाला की काटा बोटाला लागतो.
अजून एक. आमच्याकडं कुंभार्ली घाटानं चिपळूणकडचा माल येतो. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी, समुद्राचा मासा महागतो, तेव्हा लोक रोहू-कटल्याकडं वळतात. आखाडात जोर लावा. श्रावण लागला की तुम्ही आणि मी दोघंही माश्या मारत बसू.

शेततळेवाला, जत:
पाणी हिरवंच आहे, कबूल. बोअरवर एक टाकी रिकामी आहे, त्यात ठेवून बघतो.

विश्रामबागची वहिनी, सांगली:
आणि खवले काढून, तुकडे करून द्या. वीस रुपये जास्त घ्या.

शेततळेवाला, जत:
चुलता बसायला तयार आहे. फक्त रविवारी नाही म्हणतो. रविवारी त्याला चिकन लागतं.