माओरी गाणी ऐकायची आहेत, सुरुवात कुठून करू?

रेवती_ऑकलंड
नमस्कार मंडळी. आम्हाला ऑकलंडला येऊन दीड वर्ष झालं. सात वर्षांची लेक शाळेत कापा हाकाला (इथल्या मूळच्या माओरी लोकांचं समूहगाणं आणि नाच) जाते, घरभर पोई (दोरीला बांधलेला मऊ चेंडू) फिरवत गात असते आणि मला त्यातलं काहीच कळत नाही. परवा मीही तिच्याबरोबर गायला लागले तर लगेच थांबवलं, आई तिथे wh लिहिलंय म्हणून व्ह नाही, फ म्हणायचं. तेव्हापासून मनात आहे की हे नीट ऐकायचं. पारंपरिक गाणं आणि आजचं संगीत दोन्ही असेल, पण पर्यटकांसाठी बसवलेलं नको. शक्यतो स्वतः गाणी लिहिणारी गायिका सुचवा ना.

सदा_वेलिंग्टन
रेवतीताई, मोआना मानियापोतो. दुसरं नाव शोधूच नका. शिक्षण वकिलीचं, पण आयुष्य घातलं गाण्यात. १९९१ चं तिचं एक गाणं आहे, नाव म्हणजे नुसते पाच स्वर, आ ए ई ओ ऊ, आणि विषय हाच की आपली भाषा शिका. माओरीला राजभाषेचा दर्जा मिळाला १९८७ साली, पण रेडिओवर माओरी गाणी तेव्हाही फारच कमी लागायची, अशा काळात तिने हिपहॉप आणि सोलच्या ठेक्यावर भाषेचं गाणं केलं, आणि ते ऐकताना कुठेही शिकवणी वाटत नाही. पहिला अल्बम 'ताही', १९९३. त्यात पोईचा ताल ऐका, चेंडू तळहातावर आपटल्याचा आवाजच वाद्य म्हणून वापरलाय, तुमच्या लेकीला लगेच ओळखू येईल. २०१६ मध्ये तिला न्यूझीलंडच्या म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

नीरजा७
मोआनाला अनुमोदन, पण माझ्या मते आधी फिरिमाको ब्लॅक ऐका. तुहोए या माओरी जमातीतली आहे. तिचा २००० चा अल्बम रात्री घर शांत झाल्यावर लावा. त्यात मोतेआतेआ आहेत, म्हणजे जुनी विलापाची, प्रेमाची, अंगाईची गाणी, चाल अगदी थोड्या स्वरांतच फिरते, त्यामुळे पहिल्यांदा एकसुरी वाटेल, पण दोनतीनदा ऐकलंत की एकेक शब्दावरचं वजन जाणवायला लागतं. नंतर तिने जॅझची जुनी गाणीही माओरीतून गायली, आवाज तोच, खोल आणि जरा धुरकट. मिश्रण ऐकायचं तर आधी मूळ काय ते कानात बसलेलं असावं असं मला मनापासून वाटतं.

ओंकार_बासरी
वाद्यांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. हिरिनी मेलबर्न आणि रिचर्ड नन्स यांचा १९९४ चा अल्बम 'ते कु ते फे' नक्की ऐका, हेडफोन लावूनच. जवळजवळ विसरली गेलेली वाद्यं त्यांनी परत वाजती केली. त्यात पुतोरिनो आहे, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं, पतंग नावाच्या किड्याच्या कोशासारखं, कारण बासरीची देवी हिनेराउकातौरी त्या कोशात राहते अशी कथा आहे. तुतारीसारखं फुंकलं की पुरुषाचा आवाज, बासरीसारखं वाजवलं की बाईचा, एकाच वाद्यातून. मी स्वतः बासरी वाजवतो, पण असं वाद्य दुसरं पाहिलं नाही. आणि पुतातारा म्हणजे शंखच, फक्त फुंकायला लाकडी तोंड बसवलेलं. ताई, मेलबर्नने लहान मुलांसाठी पक्ष्यांची, किड्यांची खूप गाणी लिहिलीत, लेकीच्या शाळेत त्यातलं एखादं शिकवलंही असेल.

सदा_वेलिंग्टन
नीरजा, पटतंय, पण सात वर्षांच्या मुलीबरोबर गाडीत ऐकायचं असेल तर मोआनाच.

रेवती_ऑकलंड
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद! काल शाळेतून येताना 'ताही' लावला. सदा, पोईचा आवाज तिने खरंच ओळखला आणि मागच्या सीटवर मांडीवर तसाच ठेका धरला. घरी आल्यावर मोआनाच्या बाकीच्या अल्बमची नावं बघत होते, रुआ, तोरू, फा, मी नावं वाचतेय तोवर लेक पुढचं म्हणून मोकळी, रिमा, ओनो. आई, हे तर एक दोन तीन आहे! चौथ्याला मी या वेळी बरोबर फा म्हटलं. नीरजा, फिरिमाको आज रात्री ऐकते. ओंकार, पुतोरिनो इथे ऑकलंडमध्ये जवळून बघायला, कोणी वाजवताना ऐकायला कुठे मिळेल?