रिलेच्या कॉइलवर डायोड ‘उलटा’ का जोडतात?

नवप्रयोगी:

नमस्कार मंडळी. मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनवरून बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि त्याच्यामार्फत १२ व्होल्टचा रिले (कॉइलच्या चुंबकाने उघडझाप होणारा स्विच) चालवणारे सर्किट मी जोडत आहे. रिलेच्या कॉइलचा रोध ४०० ओम आहे. अशा सर्किटच्या जवळजवळ प्रत्येक आकृतीत कॉइलला समांतर एक १एन४००७ डायोड दिसतो आणि त्याचे कॅथोड, म्हणजे पट्टा असलेले टोक, पुरवठ्याच्या धन बाजूला असते. डायोड एकाच दिशेने प्रवाह जाऊ देत असेल, तर या जोडणीत त्याच्यातून प्रवाह कधी जाणारच नाही; मग तो तिथे नेमके काय करतो? शिवाय १००० व्होल्ट सोसणारा डायोड १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये कशासाठी? हाताशी असलेला १एन४१४८ चालेल का?

पीएन_जंक्शन:

रिले चालू असेपर्यंत तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. या डायोडचे काम रिले बंद होण्याच्या क्षणी सुरू होते.

आधी डायोडविषयी थोडेसे. सिलिकॉनच्या एका भागात बोरॉन आणि लगतच्या भागात फॉस्फरस अत्यल्प प्रमाणात मिसळला, की पहिला भाग पी-प्रकारचा आणि दुसरा एन-प्रकारचा होतो; कॅथोड म्हणजे ही एन बाजू. दोहोंच्या सीमेवर इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा) एकमेकांत विलीन होतात, मुक्त विद्युतभार नसलेला एक पातळ थर उरतो आणि त्या थरातले विद्युतक्षेत्र पुढच्या इलेक्ट्रॉनांची वाट अडवते. पी बाजू धन केली (फॉरवर्ड) की हा अडथळा उतरतो. उलट दाब दिला (रिव्हर्स) की थर रुंदावतो आणि केवळ नगण्य गळती शिल्लक राहते. ०.७ व्होल्ट हा आकडा दाराच्या कडीसारखा समजला जातो, पण तसा काही ठरावीक उंबरठा नसतो. प्रवाह दाबाबरोबर घातांकी पद्धतीने वाढत असल्यामुळे नेहमीच्या प्रवाहांना सिलिकॉन डायोडवर ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसतात, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता कॉइल. तुमच्या रिलेतून १२ भागिले ४००, म्हणजे ३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी कॉइलचे चुंबकीय क्षेत्र हा प्रवाह एकदम थांबू देत नाही. कॉइलचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण, ०.५ हेन्री धरला आणि प्रवाह एका मायक्रोसेकंदात शून्यावर आणायचा म्हटले, तर गणिताने १५,००० व्होल्ट निघतात. प्रत्यक्षात कॉइलची स्वतःची धारिता आणि ट्रान्झिस्टरचे ब्रेकडाउन (जास्त दाबाला बंद असूनही वाहू लागणे) यांमुळे दाब तिथवर पोहोचत नाही. पण बीसी ५४७ चा कलेक्टर (कॉइलला जोडलेला पाय) आणि एमिटर यांच्यामधल्या दाबाची मर्यादा अवघी ४५ व्होल्ट आहे, आणि ती ओलांडायला फार काही लागत नाही. या क्षणी कॉइलच्या टोकांची ध्रुवता उलटते, कलेक्टरकडचे टोक पुरवठ्याच्याही वर जाते आणि इतका वेळ रिव्हर्समध्ये असलेला डायोड फॉरवर्ड होतो. कॉइलचा प्रवाह डायोडमधून फिरत राहतो, हळूहळू विरतो आणि कलेक्टरवरचा दाब १२.७ व्होल्टच्या आसपास अडकून राहतो.

डायोडचा पट्टा चुकून कलेक्टरकडे बसवला, तर ट्रान्झिस्टर चालू होताच पुरवठा डायोड आणि ट्रान्झिस्टरमधून जवळपास शॉर्ट होईल. पट्टा कोणत्या बाजूला आहे ते म्हणूनच वीज देण्यापूर्वी तपासावे.

स्विचिंगवाला:

१एन४१४८ या रिलेला निःशंकपणे चालेल. डायोडमधून जाणारा प्रवाह बंद होण्याच्या क्षणी कॉइलमध्ये असलेल्या प्रवाहापेक्षा, म्हणजे ३० मिलिअँपिअरपेक्षा कधीच जास्त नसतो, आणि रिव्हर्समध्ये त्याला फक्त १२ व्होल्ट सोसायचे असतात. १एन४००७ सगळीकडे दिसतो, तो स्वस्त, दणकट आणि एक अँपिअरपर्यंतचा असल्यामुळे. १००० व्होल्टची इथे गरज नाही. मात्र हीच सवय पीडब्ल्यूएमने, म्हणजे वेगाने चालू-बंद करून, चालणाऱ्या मोटरवर नेऊ नये. १एन४००७ ला फॉरवर्डमधून पूर्ण बंद व्हायला काही मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढ्यात ट्रान्झिस्टर पुन्हा चालू झाला, तर प्रत्येक चक्रात प्रवाहाचा एक निरर्थक झटका बसतो. तिथे मोटरचा प्रवाह पेलणारा फास्ट किंवा शॉटकी, म्हणजे झटपट बंद होणारा, डायोड हवा.

एक गोष्ट वरच्या उत्तरात सुटली आहे. साध्या डायोडमुळे रिले उशिरा सुटतो. प्रवाह ओसरायला मागे ढकलणारा दाब हवा, आणि इथे कॉइलच्या रोधाखेरीज फक्त ०.७ व्होल्ट मिळतात. वरचेच आकडे घेतले, तर प्रवाह एक दशांशावर यायला सुमारे २.४ मिलिसेकंद लागतात. डायोडच्या मालिकेत, त्याच्या विरुद्ध दिशेने, २४ व्होल्टचा झेनर (रिव्हर्समध्ये ठरावीक दाबाला वाहू लागणारा डायोड) जोडला, तर अर्ध्या मिलिसेकंदात प्रवाह संपतो. कलेक्टरवर ३७ व्होल्टच्या आसपास येतात, म्हणजे ४५ च्या आतच. दिवा लावण्या-विझवण्यासाठी साध्या डायोडच्या या उशिराने काही बिघडत नाही, पण कॉन्टॅक्टवर जड डीसी भार असेल, तर संथपणे उघडणाऱ्या कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी जास्त वेळ टिकते आणि ते लवकर झिजतात. माझ्या मते अशा ठिकाणी झेनर वगळणे ही खोटी काटकसर आहे.

नवप्रयोगी:

दोघांचेही आभार. १एन४००७ च लावला आणि रिले व्यवस्थित चालतो. एक शंका राहिली. वीज बंद करून मल्टिमीटरच्या डायोड मोडमध्ये तो तपासला, तर दोन्ही दिशांनी साधारण ०.४ दिसते. डायोड खराब आहे का?

पीएन_जंक्शन:

डायोड बहुधा ठीक आहे; तुम्ही कॉइल मोजत आहात. या मोडमध्ये बरेच मीटर साधारण एक मिलिअँपिअर प्रवाह सोडतात आणि ४०० ओममधून तेवढा प्रवाह गेला की ०.४ व्होल्ट पडतात, मग प्रोब कसेही लावा. एवढ्या कमी दाबाला डायोड जवळजवळ वाहतच नाही. डायोडचा एक पाय सोल्डरमधून सोडवून पुन्हा मोजा. एका दिशेने ०.५५ ते ०.६ आणि दुसऱ्या दिशेने ‘ओएल’ (म्हणजे प्रवाह जात नाही) आले, की तो चांगला आहे. हा आकडा ०.७ पेक्षा कमी दिसतो, कारण चाचणीचा प्रवाहच कमी असतो. डायोडचा देह चिमटीत थोडा वेळ धरून ठेवलात, तर आकडा डोळ्यांदेखत दहाएक मिलिव्होल्टने खाली घसरेल. सिलिकॉन जंक्शनवरचा दाब दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो, आणि तापमान मोजायलाही साधा डायोड वापरतात तो याच गुणामुळे.