जीएफओ (फॉस्फेट धरणारे लोह ऑक्साइडचे दाणे) आणि कार्बनचा डबल रिअ‍ॅक्टर लावतोय, मीडिया म्हणजे हे दाणे किती घालू आणि फ्लो किती ठेवू?

वडगावशेरी_मरीन
नमस्कार मंडळी. माझा चार फुटी मरीन टँक आहे, खाली संप (फिल्टरची टाकी), सगळं मिळून ३०० लिटरच्या आसपास पाणी. मासे दोन क्लाउन, एक फॉक्सफेस, आणि सॉफ्ट कोरल म्हणजे टोडस्टूल लेदर, मश्रूम, झोआ. दगडांवर केसाळ शेवाळ हटतच नाहीये, काच पुसली की दुसऱ्या दिवशी परत हिरवी. फॉस्फेट ०.४० पीपीएम येतंय, नायट्रेट १०. स्किमर (फेसातून घाण काढणारा) चालू आहे, पाणी पण नियमित बदलतो. म्हणून दोन डब्यांचा रिअ‍ॅक्टर (पंपाने मीडियातून पाणी ढकलणारा) आणलाय, एकात कार्बन एकात जीएफओ. सोबतच्या कागदावर नळ्या जोडायच्या कशा तेवढंच दिलंय, मीडिया किती, फ्लो किती काहीच नाही. आणि आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते, कधीकधी दुपारपर्यंत येत नाही, तेव्हा बंद डब्यात काय होतं? लेदर अगदी छोट्या तुकड्यापासून वाढवलाय, त्याला काही व्हायला नको, म्हणून आधी विचारतोय.

सिंहगडरोड_रीफ
दादा आधी विचारलंत ते छान केलंत, कारण जीएफओ काम करत नाही ही तक्रार क्वचितच असते, तो फार पटकन काम करतो हाच खरा त्रास. जीएफओच्या पॅकवर ३०० लिटरसाठी जेवढं लिहिलंय त्याच्या पाव भागानेच सुरुवात करा. ०.४० वरून दोन दिवसांत तळाला गेलं तर कोरल मिटतात, आणि फॉस्फेट-नायट्रेट दोन्ही शून्य झाले की डायनो (डायनोफ्लॅजेलेट, चिकट तपकिरी थर) येतात, ते शेवाळापेक्षा कितीतरी वाईट. काही आठवडे घेऊन ०.१० पर्यंत आणा, सॉफ्ट कोरलला तेवढं चालतं, उलट थोडं लागतंच.

पाणी पहिल्यांदा कार्बनमधून आणि मग जीएफओमधून जाऊ द्या. कार्बनच्या डब्यात वरचा स्पंज दाबून बसवा म्हणजे दाणे हलणार नाहीत, हलले की एकमेकांवर घासून काळी भुकटी होते. जीएफओचं उलटं, त्याला वर मोकळी जागा हवी, डबा अर्ध्याच्या वर भरू नका, आणि व्हॉल्व्ह इतकाच उघडा की फक्त वरचा थर मंद आचेवर वरण रटरटतं तसा हलेल. अजिबात हलला नाही तर गठ्ठा बनतो आणि पाणी एकाच वाटेने निघून जातं, जास्त उडाला तर दाणे फुटून लाल गाळ होतो. पंपावर लिहिलेल्या लिटरकडे बघू नका, डब्यात काय दिसतंय तेच बघा. व्हॉल्व्ह पंप आणि डब्याच्या मध्ये लावा म्हणजे डब्यावर दाब कमी राहतो.

दोन्ही मीडिया आरओच्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, आणि पहिल्यांदा चालू करताना बाहेर येणारं पाणी बादलीत घ्या, स्वच्छ दिसेपर्यंत संपमध्ये सोडू नका. कार्बन कडक दाण्याचा घ्या. लिग्नाइटचा मऊ कार्बन वापरल्यावर सर्जनफिशच्या (म्हणजे टँगच्या) डोक्यावर आणि लॅटरल लाइनवर (अंगाच्या बाजूच्या रेषेवर) त्वचा झडते हे प्रयोगात दिसलेलं आहे, तुमच्याकडे टँग नाही पण पुढे आणाल. अजून एक, कार्बनने पाण्यातला पिवळेपणा गेला की प्रकाश एकदम आत पोचतो, त्यामुळे पहिले काही दिवस लाईट थोडी कमी ठेवा.

लाईट गेली तर तासाभराने काही बिघडत नाही, आल्यावर डब्याला बोटाने टिचक्या मारा, बसलेला जीएफओ सुटतो. पाच-सहा तास बंद राहिला तर मात्र आतला ऑक्सिजन बॅक्टेरिया संपवतात, मग सुरुवातीचं पाणी बादलीत काढून टाका. इन्व्हर्टरवर रिअ‍ॅक्टर नको, एअर पंप आणि वेव्हमेकर टाका, माशांना गुरुवारी त्याचीच गरज असते.

बाणेर_खारंपाणी
वरचं सगळं बरोबर, पण फॉस्फेट येतंय कुठून ते पण बघा ना. आरओ-डीआयच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य येतो का? उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाला की डीआय रेझिन (आरओनंतर उरलेले क्षार धरणारे दाणे) भराभर संपतं, आणि त्यातून सिलिकेट आलं तर जीएफओ ते पण धरतो, म्हणजे तुमचं महाग मीडिया त्यातच खर्च. फ्रोझन मायसिस (माशांचं गोठवलेलं खाणं) वितळवून गाळणीत धुऊनच घाला, ते पाणी टँकमध्ये ओतू नका. आणि जुन्या दगडांत, वाळूत फॉस्फेट मुरलेलं असतं, पाण्यातलं कमी झालं की ते सुटायला लागतं, त्यामुळे पहिली बॅच लवकर संपेल आणि आकडा परत वर येईल, तेव्हा घाबरून जास्त मीडिया घालू नका, तेवढंच बदला.

वडगावशेरी_मरीन
मनापासून आभार दोघांचेही. टीडीएस आजच बघतो. दोन शंका, जीएफओ संपला हे कळणार कसं? आणि दुकानदार म्हणतोय पांढरे गोळे घ्या, स्वस्त पडतात, गाळ पण होत नाही.

सिंहगडरोड_रीफ
पांढरे गोळे बहुतेक अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे असतात आणि त्यावर लेदर मिटून बसल्याचे अनुभव बऱ्याच जणांनी लिहिलेत, तुमचा टोडस्टूल बघता मी अजिबात घेणार नाही. संपला की नाही बघायला रिअ‍ॅक्टरच्या आउटलेटचं पाणी आणि टँकचं पाणी एकाच वेळी तपासा, दोन्ही आकडे सारखे आले की बदला. त्यासाठी आउटलेटची नळी संपच्या पाण्याच्या जरा वर ठेवा, नमुना घेता येतो आणि धार बारीक झालेली लगेच दिसते. हॅना कंपनीचा पीपीबीवाला (पीपीएमचा हजारावा भाग दाखवणारा) चेकर असेल तर तो फॉस्फरस दाखवतो, आकड्याला ३.०६६ ने गुणा आणि १००० ने भागा, म्हणजे ३३ आलं तर फॉस्फेट ०.१०. सुरुवातीला अल्कलिनिटी पण तपासत राहा, नवीन जीएफओने ती थोडी उतरते.

बाणेर_खारंपाणी
कार्बन मात्र महिन्याच्या आत बदलत जा, त्याला टेस्ट नाही. आणि डबा उघडाल तेव्हा ओ-रिंग पुसून सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको. पहिल्या रात्री खाली कोरडा कागद पसरून ठेवा, थेंब पडला तर सकाळी कळेल.