‘रेंडिशन’ पाहिल्यावर झालेले मतभेद : अन्वर निर्दोष आहे की नाही, हे कळणे आवश्यक होते का?

घोडबंदरकर

नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या गृहसंकुलात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही पंधरा-वीस जण एकत्र बसून एक चित्रपट पाहतो आणि नंतर चहा घेत त्यावर बोलतो. या वेळी गॅव्हिन हूड यांनी दिग्दर्शित केलेला २००७ सालचा ‘रेंडिशन’ (म्हणजे संशयिताला खटल्याशिवाय गुपचूप दुसऱ्या देशाच्या ताब्यात देणे) लावला होता. क्लबहाऊसची चावी परत करण्याची वेळ टळून गेली, वॉचमन दोनदा डोकावून गेला, तरी वाद मिटला नाही, म्हणून तो येथे मांडत आहे. पुढे शेवटही उघड केला आहे, याची नोंद घ्यावी.

मूळचा इजिप्तचा, पण शिकागोत स्थायिक झालेला रासायनिक अभियंता अन्वर एल-इब्राहिमी दक्षिण आफ्रिकेतील परिषद आटोपून परतताना विमानतळावरूनच उचलला जातो, प्रवाशांच्या यादीतून त्याचे नाव काढले जाते आणि त्याची रवानगी उत्तर आफ्रिकेतील एका देशाच्या कोठडीत होते. त्याची गरोदर पत्नी इसाबेला वॉशिंग्टनमध्ये ओळखीच्या माणसांचे उंबरठे झिजवते. तिकडे डग्लस फ्रीमन हा सीआयएचा तरुण विश्लेषक डोळ्यांदेखत चाललेला छळ पाहत उभा असतो. छळ करणारा अधिकारी अबासी फवाल याची मुलगी फातिमा घर सोडून गेलेली आहे, आणि तिची गोष्ट या गोष्टीला समांतर चालते.

आमच्यापैकी काहींना चित्रपट सरळसरळ एकांगी वाटला. काहींच्या मते तो उलट फारच सावध आहे, कारण संशयित अतिरेक्याचे फोन अन्वरच्या क्रमांकावर आले होते की नाही, हा प्रश्न दिग्दर्शकाने अखेरपर्यंत पुरता सोडवलेला नाही. एका ज्येष्ठ बाईंनी तर एवढेच सांगितले की त्यांना मध्येच उठून बाहेर जावेसे वाटले, आणि त्यावर कोणीही काही बोलले नाही.

माझी अडचण थोडी निराळी आहे. चित्रपट पाहत असताना मी सतत अन्वरच्या चेहऱ्यावर पुरावा शोधत होतो. प्रश्न ऐकल्यावर तो क्षणभर थांबला की मला शंका यायची आणि तो रडला की माझी शंका फिटायची. घरी आल्यावर हे जाणवले आणि फार अस्वस्थ व्हायला झाले. चित्रपटाने त्याचे निर्दोषत्व सुरुवातीलाच ठामपणे सांगायला हवे होते का, की न सांगणे हेच योग्य होते? ज्यांनी तो पाहिला आहे त्यांची मते वाचायला आवडतील.

कोपरी पूर्व

मी ‘एकांगी’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचा आहे आणि त्याचे कारण मोकळेपणाने सांगतो. १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात लोकलमध्ये स्फोट झाला, तेव्हा मी रोज त्याच मार्गाने आणि साधारण त्याच वेळी ठाण्याला परतत असे. त्या दिवशी कामावरून निघायला उशीर झाला, एवढेच. पुढचे कित्येक महिने वरच्या फळीवर बेवारस पिशवी दिसली की आमचा अख्खा डबा गप्प होत असे आणि पिशवी कोणाची आहे हे कोणीतरी मोठ्याने विचारेपर्यंत कोणी जागचे हलत नसे. ज्याने हे अनुभवले आहे त्याला या चित्रपटात स्फोटात मरणाऱ्यांच्या वाट्याला काय येते, हे खटकल्याशिवाय राहत नाही. चित्रपटाच्या सुरुवातीचा चौकातला स्फोट, धूर, किंकाळ्या, फ्रीमनच्या सहकाऱ्याचा मृत्यू, आणि कथा पुढे निघून जाते. मेलेल्यांपैकी कोणाच्या घरात कॅमेरा जात नाही, त्यांच्या बायकांना कोणाचे उंबरठे झिजवावे लागले हे दिसत नाही.

दुसरे असे की मेरिल स्ट्रीप यांनी साकारलेली सीआयएची वरिष्ठ अधिकारी कोरीन व्हिटमन एका प्रसंगात सांगते, की याच मार्गाने मिळालेल्या माहितीमुळे लंडनमधील सात हजार लोक आज जिवंत आहेत आणि तिची स्वतःची नातवंडे तेथे राहतात. हा चित्रपटातील सर्वांत अवघड युक्तिवाद आहे, आणि त्याला समोरून उत्तर न देता दिग्दर्शकाने तिला थंड, गर्विष्ठ बाई म्हणून रंगवले. पात्राविषयी तिटकारा निर्माण केल्याने युक्तिवाद खोडला जात नाही. छळाचे समर्थन मी करत नाही. परंतु सुरक्षेची जबाबदारी अंगावर असलेल्या माणसाची कोंडी या चित्रपटाला मांडता आलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोर्टनाका

मी ठाण्याच्या न्यायालयात बरीच वर्षे फौजदारी वकिली करत आहे, त्यामुळे माझे मत त्या अंगाने आहे.

कोपरी पूर्व यांचा मृतांविषयीचा आक्षेप मला मान्य आहे. मात्र कोरीनच्या युक्तिवादाला उत्तर दिलेले नाही, हे मान्य नाही. छळ असह्य झाल्यावर अन्वर काही नावे सांगतो आणि वरिष्ठ समाधानी होतात, पण फ्रीमन ती नावे संगणकावर शोधतो तेव्हा ती इजिप्तच्या फुटबॉल संघातील खेळाडूंची निघतात. मार थांबावा म्हणून माणूस काहीही सांगतो आणि मारणाऱ्याला जे ऐकायचे असते तेच ‘माहिती’ म्हणून वर पाठवले जाते, हे त्या एका प्रसंगात आले आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपल्या न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम ब्रिटिश काळापासून आहे, आणि त्यामागे हाच अनुभव आहे.

हे सगळे कल्पनेतले असल्याचे कोणास वाटत असेल, तर माहेर अरार यांचे प्रकरण पाहावे. सीरियात जन्मलेले हे कॅनडाचे नागरिक, पेशाने अभियंता. सप्टेंबर २००२ मध्ये ट्युनिशियाहून घरी परतताना न्यूयॉर्कला विमान बदलण्यासाठी उतरले असता त्यांना ताब्यात घेतले गेले आणि जॉर्डनमार्गे सीरियात धाडले गेले. तेथे त्यांनी सुमारे वर्ष काढले, त्यातील बराच काळ तीन फूट रुंद, सहा फूट लांब आणि सात फूट उंच अशा कोठडीत. त्यांच्या पत्नीने बाहेर लढा दिला. कॅनडाच्या चौकशी आयोगाला त्यांच्याविरुद्ध काहीही आढळले नाही, आणि जानेवारी २००७ मध्ये पंतप्रधानांनी माफी मागून १ कोटी ५ लाख कॅनेडियन डॉलर भरपाई दिली. अमेरिकेत मात्र त्यांचा दावा उभाच राहू शकला नाही. जर्मन नागरिक खालेद अल-मस्री यांना ३१ डिसेंबर २००३ रोजी मॅसिडोनियाच्या सीमेवर अडवले गेले. पुढे त्यांना सीआयएच्या हवाली करून अफगाणिस्तानात कोंडले गेले, आणि पाच महिन्यांनी चूक झाली म्हणून अल्बेनियातील एका रस्त्यावर सोडून देण्यात आले. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकी सिनेटच्या गुप्तचर समितीचा अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सीआयएने स्वतःच्या कोठड्यांत ठेवलेल्या ११९ जणांपैकी किमान २६ जणांना ताब्यात घेण्यासाठी त्यांच्याच निकषांनुसार पुरेसे कारण नव्हते, असे त्यात म्हटले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अन्वर दोषी आहे का, हा प्रश्न खटल्याच्या शेवटी यायचा असतो. अटकेच्या वेळचा प्रश्न फार साधा असतो : माणूस कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि कशासाठी? राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून खटल्याशिवाय डांबून ठेवण्याला, यातून सूट आहे, आणि ती सूट हा आपल्या घटनेतला दुखरा भाग आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिलेले नियम वाचा : अटकेचा पंचनामा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची सही, नातेवाइकाला कळवणे, डायरीत नोंद, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. यांपैकी एकही नियम संशयित निर्दोष आहे असे गृहीत धरत नाही. माणूस नाहीसा होऊ नये, एवढाच त्यांचा हेतू आहे.

न्यायालयाच्या जिन्यापाशी डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या आया मी रोज पाहतो. मुलाने काय केले याची त्यांना पुष्कळदा पूर्ण कल्पना असते, आणि तरीही त्यांचा पहिला प्रश्न ‘आज आणणार का?’ हाच असतो. तारीख असेल तर तो दिसेल, आणि दिसला तर त्याच्या अंगावर काही वळ आहेत का ते पाहता येईल. इसाबेलाला हे जिने मिळत नाहीत. तिच्या हाती येते ते क्रेडिट कार्डाचे विवरण, ज्यात विमानात केलेल्या खरेदीची नोंद आहे. यादीतून नाव काढणाऱ्यांना ती नोंद काढता आली नव्हती. मला विचाराल तर चित्रपटाचा कणा तो कागद आहे. अन्वर खरोखरच दोषी असता तरी त्या कागदाचे मोल तसूभरही कमी झाले नसते, म्हणून त्याचे निर्दोषत्व आधी जाहीर न करणे मला योग्य वाटते.

पाम बीच

चर्चा कायद्याकडे वळली आहे, म्हणून रचनेविषयी थोडेसेच लिहिते. फातिमा आणि तिचा प्रियकर खालिद यांची गोष्ट वर्तमानातली आहे असे आपण समजत राहतो आणि अखेरीस कळते की ती सुरुवातीच्या स्फोटापाशी येऊन संपते, म्हणजे अबासी ज्या मुलीला शोधत आहे ती केव्हाच गेलेली आहे. अनेकांना ही प्रेक्षकांची फसवणूक वाटते, मला वाटली नाही. मुलीचा ठावठिकाणा न कळणारा बाप दिवसभर दुसऱ्याच्या घरच्या माणसाचा ठावठिकाणा दडवून ठेवतो, हे त्या मांडणीमुळेच अंगावर येते. स्फोटात मेलेल्यांपैकी एकीच्या घरात कॅमेरा गेला आहे, हेही कोपरी पूर्व यांनी विचारात घ्यावे. वॉशिंग्टनमधील प्रसंग मात्र रेंगाळतात आणि फ्रीमनचे मौन काही ठिकाणी अभिनयापेक्षा पटकथेतील पोकळीच वाटते.

नेरूळकर

मी चित्रपट दोन वर्षांपूर्वी पाहिला आणि तेव्हा मला तो फारसा आवडला नव्हता. कोर्टनाका यांचे लिखाण वाचून पुन्हा त्याचा विचार करते आहे, त्याचे कारण घरातले आहे.

माझे वडील आणीबाणीत ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली येरवड्याच्या तुरुंगात होते. कारण लेखी दिले नव्हते, कारण कायद्यात दुरुस्ती करून ते देण्याची गरजच काढून टाकली होती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले की आणीबाणी असेतो स्थानबद्धाला हेबियस कॉर्पसची, म्हणजे ताब्यातील माणसाला न्यायालयासमोर हजर करण्याच्या आदेशाची, दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना होते. त्या दिवशी आईने रेडिओ बंद केला आणि रात्री स्वयंपाक केला नाही, असे मोठी बहीण सांगते. मी तेव्हा चार वर्षांची होते.

पण आमच्याकडे पोस्टकार्डे येत होती. त्यांतले एक मी जपून ठेवले आहे. डाव्या कडेला तुरुंगाचा जांभळा शिक्का आहे, मधल्या दोन ओळींवर काळी शाई फिरवली आहे, आणि खाली वडिलांनी माझ्यासाठी मांजराचे चित्र काढले आहे. काळ्या केलेल्या ओळींत काय होते ते त्यांना पुढे आठवले नाही. तरीही तो शिक्का आईसाठी फार मोठा आधार होता, कारण त्यावर तुरुंगाचे नाव होते.

त्याच काळात केरळमध्ये राजन या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मार्च १९७६ मध्ये कालिकतच्या महाविद्यालयातून पोलिसांनी नेले. त्याचे वडील, प्राध्यापक ईच्चर वारियर, कार्यालयांमागून कार्यालये फिरले. आणीबाणी उठल्यावर १९७७ मध्ये त्यांनी केरळ उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस दाखल केला, तेव्हा पोलीस कोठडीतील छळ उघडकीस आला आणि के. करुणाकरन यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. मुलाचा देह मात्र त्या बापाला कधीच मिळाला नाही. माझे वडील आणि राजन यांना नेणारे राज्य एकाच काळातले होते, पण एकाच्या घरी शिक्क्याचे कार्ड येत होते आणि दुसऱ्याच्या घरी काहीच येत नव्हते. चित्रपटाचा शेवट, अन्वर घराच्या दारात परत येतो तो, मला म्हणूनच फार सोपा वाटला होता.

कोपरी पूर्व

पाम बीच यांचा फातिमाविषयीचा मुद्दा मला सुचला नव्हता, तो मान्य करतो. बाकीच्या मृतांविषयी माझी तक्रार कायम आहे. कोर्टनाका यांचे २४ तासांविषयीचे म्हणणे पटते, आणि मी पिशवीचा प्रसंग लिहिला तेव्हा माझ्या मनात स्थानबद्धता होती, गायब करणे नव्हते. कोरीनच्या युक्तिवादात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि माझ्याकडूनही तेच झाले.

घोडबंदरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अन्वरच्या चेहऱ्याकडे मी ज्या नजरेने पाहत होतो, तिच्याविषयीची अस्वस्थता कमी झालेली नाही, पण पुढच्या रविवारी आम्ही चर्चा कोठून सुरू करावी हे आता कळले. आधी इसाबेलाच्या हातातील विवरणाचा प्रसंग पुन्हा लावू आणि मग बोलू. नेरूळकर, आपल्याला शक्य असल्यास त्या दिवशी यावे, आणि येताना ते पोस्टकार्ड आणता येईल का?

नेरूळकर

येईन. कार्ड फार जीर्ण झाले आहे, घडीवर फाटू लागले आहे, त्यामुळे हातोहात फिरवता येणार नाही. टेबलावर चांगला उजेड असेल अशी व्यवस्था करावी, म्हणजे शिक्का वाचता येईल.