मदत हवी आहे: 'आर्म' आणि 'आर्म्स' मुलांना कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. बहुतेकांच्या घरी यंत्रमागावरचं काम. घरात तेलुगू नाहीतर कन्नड, गल्लीत मराठी, शाळाही मराठी माध्यमाची. सध्या 'आर्म' या शब्दापाशी गाडं अडलंय.

आधी अवयवाचंच बघा. इंग्रजीत खांद्यापासून मनगटापर्यंत आर्म, पुढे हँड. आपण सगळ्यालाच हात म्हणतो. तेलुगूतही 'चेयि' म्हटलं की दोन्ही आलं. कन्नड मुलांना अडचण येत नाही, त्यांच्याकडे 'तोळु' आणि 'कै' असे वेगळे शब्द आहेत. मराठीत 'भुजा' म्हणावं, तर तेलुगू मुलं खांदा दाखवतात, कारण त्यांचं 'भुजम' म्हणजे खांदा. 'बाहू' कवितेबाहेर कुणी बोलत नाही. 'दंड' चांगला शब्द, पण तो कोपराच्या वरच संपतो.

खरी गुंतागुंत शस्त्रांपाशी आहे. मुलांच्या गाइडमध्ये एकाच ओळीत 'आर्म - हात, शस्त्र' असं छापलेलं असतं. मग मुलं समजतात, हातात धरतात म्हणून शस्त्राला आर्म म्हणत असतील. तसं नाही. अवयवाचा आर्म जुन्या इंग्रजीतला, घरचा शब्द. लॅटिनमधला 'आर्मुस' म्हणजे खांदा आणि संस्कृतातला 'ईर्म' हे त्याचे भाऊबंद. शस्त्रांचा आर्म्स लॅटिन 'आर्मा'पासून फ्रेंचमार्गे आला. फार मागे गेलं तर दोन्ही 'जोडणे, सांधणे' अशा अर्थाच्या एकाच धातूपाशी पोचतात असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, पण इंग्रजीत ते दोन वेगळ्या वाटांनी आले. म्हणून वहीत त्यांच्या दोन वेगळ्या नोंदी कराव्यात असं माझं मत आहे.

'आर्मा'चं कुटुंब मुलांना फार आवडलं. आर्मी, आर्मर तर आहेतच, पण अलार्मसुद्धा! इटालियनमधली 'शस्त्रं उचला' ही हाक म्हणजे अलार्म. पहिल्या महायुद्धात 11 नोव्हेंबर 1918 रोजी झालेला आर्मिस्टिस म्हणजे शस्त्रं थांबवणं. कोट ऑफ आर्म्सही इथलाच: चिलखतावर घालायच्या अंगरख्यावर घराण्याची चिन्हं असत, त्यावरून. एनसीसीतल्या मुलांना 'ऑर्डर आर्म्स'साठी 'बाजू शस्त्र' हा हुकूम पाठ असतो. त्यातला 'बाजू' मूळ फारसीत हातच आहे, आपल्या बाजूबंदातला. हे सांगितल्यावर वर्ग खूश झाला. मोबाइलमधल्या आर्म प्रोसेसरचा मात्र यांतल्या कशाशीच संबंध नाही. ते 'एकॉर्न रिस्क मशीन'चं लघुरूप आहे, पुढे 'अॅडव्हान्स्ड रिस्क मशीन्स' झालं.

आता जिथे अडतं ते. शस्त्र या अर्थी नाम जवळजवळ नेहमी अनेकवचनी येतं, हा नियम सांगितला. पण आपल्या बातम्यांत 1959 च्या शस्त्र कायद्याला, म्हणजे 'आर्म्स अॅक्ट'ला, सर्रास 'आर्म अॅक्ट' लिहितात, आणि मुलं तोच दाखला देतात. शिवाय अनेकवचन दिसलं की शस्त्र, असं उलटं धरूनही चालत नाही. 'बेबी इन आर्म्स' म्हणजे कडेवरचं बाळ, 'कॉम्रेड्स इन आर्म्स' म्हणजे एकत्र लढलेले सैनिक. 'विथ ओपन आर्म्स'मध्ये माया आहे, 'अप इन आर्म्स'मध्ये संताप. आजूबाजूची वाक्यं वाचा, एवढं सांगून दहावीच्या मुलाचं समाधान होत नाही. परीक्षेत उतारा समोर आल्यावर त्याला काहीतरी धरायला हवं.

जाणकारांनी सांगावं: या 'इन आर्म्स'साठी एखादी ठोस खूण आहे का, की असे वाक्प्रचार एकेक करून पाठच करून घ्यावेत? आणि खांदा ते मनगट या भागासाठी तुमच्याकडे बोलण्यातला, रोजचा मराठी शब्द कोणता? मराठवाड्यात किंवा कोकणात वेगळा असेल तर तोही कळवा. दोन नोंदींची माझी मांडणी कुणाला पटत नसेल, तर कारणासकट लिहा. पुढच्या आठवड्यात याच धड्याची उजळणी घ्यायची आहे.