क्यू३० उत्तम, तरीही सीबीएसमधील बदल निसटला: दोन अहवालांतील फरक कसा समजून घ्यावा?

प्रश्न: परळकरीण

नमस्कार. मी परळ येथील एका रुग्णालयाच्या जैवरसायन विभागात काम करते. ज्या रुग्णांच्या रक्तात होमोसिस्टीन आणि मेथिओनीन दोन्ही बरेच वाढलेले आढळतात, त्यांचे नमुने आम्ही सीबीएस (होमोसिस्टीनवर प्रक्रिया करणाऱ्या विकराचे जनुक) यातील बदल शोधण्यासाठी बाहेर एक्झोम सिक्वेन्सिंगला, म्हणजे जनुकांचे प्रथिने घडवणारे भाग वाचण्याच्या चाचणीला, पाठवतो. अलीकडे एकाच रुग्णाच्या रक्तनमुन्याचे दोन भाग दोन वेगळ्या प्रयोगशाळांकडे गेले. पहिलीने सीबीएसच्या दोन्ही प्रतींवर रोगकारक बदल असल्याचे कळवले. दुसरीने या जनुकात नोंद घेण्याजोगे काही नाही, असे लिहिले. गोंधळ असा की गुणवत्तेचे आकडे दुसरीचेच सरस आहेत. तिच्या अहवालात क्यू३० (त्या दर्जाने वाचलेल्या अक्षरांचे प्रमाण) ९३ टक्के आणि सरासरी डेप्थ (प्रत्येक जागा सरासरी किती वेळा वाचली गेली) १४० आहे, तर पहिलीच्या अहवालात हेच आकडे ८८ टक्के आणि ९५ आहेत. जैवरासायनिक चित्र पाहता मला पहिला अहवाल बरोबर वाटतो, परंतु मग गुणवत्तेचे हे आकडे नेमके कशाची हमी देतात?

उत्तर: रीडवाचक

क्यू३० हा आकडा यंत्राने एकेक अक्षर किती खात्रीने वाचले एवढेच सांगतो. क्यू२० म्हणजे शंभरात एक चूक अपेक्षित, क्यू३० म्हणजे हजारात एक. वाचलेला तुकडा (रीड) जनुकसंचात कुठे बसतो हे पुढच्या टप्प्यावर ठरते, आणि त्या टप्प्यावरील चूक क्यू३०मध्ये उमटतच नाही. त्यामुळे ८८ आणि ९३ यांची तुलना तुमच्या प्रश्नाला जवळजवळ निरुपयोगी आहे.

सीबीएसचे नाव वाचताच माझा संशय संदर्भ जीनोमकडे, म्हणजे रीड ज्याच्याशी जुळवून पाहतात त्या प्रमाण जनुकसंचाकडे, गेला. डिसेंबर २०१३ मध्ये आलेल्या जीआरसीएच३८ या आवृत्तीत २१व्या गुणसूत्रावर काही भाग चुकून दोनदा जोडले गेले आहेत, आणि त्यांत सीबीएस, केसीएनई१, यू२एएफ१ अशी वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची जनुके आहेत. माणसाच्या शरीरात ही दुसरी प्रत नसते. ती केवळ संदर्भात आहे. आता सीबीएसचा एखादा रीड आला की तो दोन्ही ठिकाणी सारखाच जुळतो, आणि एकाच नावाच्या दोन चाळी असलेल्या गल्लीत टपालवाल्याची जी अवस्था होते तीच जुळणी करणाऱ्या प्रणालीची होते. ती रीड कुठेतरी टाकते, पण त्याला जुळणीचा गुणांक शून्य देते. बदल शोधणारी प्रणाली असे रीड विचारातच घेत नाही. परिणामी बदल डेटामध्ये असूनही अहवालात येत नाही, आणि एका जनुकातील पोकळी १४० च्या सरासरीत कुणाला दिसतही नाही. जुन्या जीआरसीएच३७ मध्ये हा दोष नाही, म्हणून या एका जनुकापुरती जुनी आवृत्ती अधिक भरवशाची ठरते.

तुम्ही दुसऱ्या प्रयोगशाळेकडून बॅम फाइल (जुळवलेल्या रीडची फाइल) मागवा आणि तिच्या शीर्षभागात २१व्या गुणसूत्राची लांबी पाहा. ती ४,८१,२९,८९५ असेल तर जीआरसीएच३७ वापरला आहे. ४,६७,०९,९८३ असेल तर जीआरसीएच३८.

परळकरीण

सर, अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत जीआरसीएच३८ असे लिहिलेले सापडले. बॅम फाइल मागवली आहे. परंतु ही प्रयोगशाळा जीनोम इन अ बॉटल या गटाच्या प्रमाणित डीएनए नमुन्यावर आपली कार्यपद्धती तपासते आणि त्यात ९९ टक्क्यांहून अधिक अचूकता मिळते, असे तिने लिहून दिलेले आहे. मग प्रमाणित नमुन्यावर हा दोष कसा दिसला नाही?

उत्तर: कालिना_जैवमाहिती

मॅडम, जीनोम इन अ बॉटल गट चालवणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१५ मध्ये एनए१२८७८ या व्यक्तीचा डीएनए संदर्भ पदार्थ म्हणून उपलब्ध केला, आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा आपले निष्कर्ष त्याच्याशी ताडून पाहतात. मात्र ही तुलना संपूर्ण जीनोमवर होत नाही. नमुन्यासोबत ‘खात्रीलायक प्रदेशां’ची एक यादी मिळते आणि गुण फक्त त्या प्रदेशांतच मोजले जातात; जिथे खुद्द संदर्भ ठरवणाऱ्यांनाच उत्तराची खात्री नव्हती, ते अवघड प्रदेश यादीतून वगळलेले असतात. म्हणजे ९९ टक्के हा आकडा खरा असू शकतो आणि तरीही तो सीबीएसबद्दल काहीच सांगत नसेल. ही उणीव ओळखून त्याच गटाने २०२२ मध्ये २७३ अवघड पण वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाच्या जनुकांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले, आणि ते एचजी००२ या दुसऱ्या नमुन्यावर आधारलेले आहे. तेव्हा प्रयोगशाळेला विचारायचे ते असे: कोणता नमुना, मानकाची कोणती आवृत्ती, आणि तपासलेल्या प्रदेशांत आमचे जनुक होते का?

थोडे अवांतर. या गटाच्या सात नमुन्यांत भारतीय वंशाचे एकही नाही. जीनोमइंडिया प्रकल्पातील सुमारे दहा हजार जीनोम फार मोलाचे आहेत, पण कोणता बदल आपल्याकडे किती आढळतो हे त्यावरून कळते. यंत्राने आणि प्रणालीने बरोबर वाचले की नाही हे ताडून पाहायला त्यांचा उपयोग होत नाही. ही गल्लत मी परिसंवादांत वारंवार ऐकतो.

उत्तर: चिंचपोकळी_लॅब

वरील दोघांशी सहमत आहे, परंतु सगळा दोष संदर्भावर टाकण्याआधी नमुन्यांची अदलाबदल झालेली नाही ना, हे तपासावे. दोन्ही प्रयोगशाळांच्या व्हीसीएफ फायलींतील (आढळलेल्या बदलांच्या याद्यांतील) सामान्य बदल एकमेकांशी जुळवून पाहिले तर नमुना एकाच व्यक्तीचा आहे की नाही हे लगेच समजते. करोनाच्या काळात विषाणूंचे जीनोम वाचताना आम्ही प्रत्येक प्लेटमध्ये विषाणू नसलेला एक नमुना ठेवत असू, आणि त्यात रीड दिसले की संपूर्ण प्लेट संशयास्पद मानत असू. क्यू३० कितीही चांगला असला तरी दूषित नमुना दूषितच राहतो.

एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या भारतीय संस्थेची मान्यता आयएसओ १५१८९ या वैद्यकीय प्रयोगशाळांच्या मानकानुसार असते आणि ती ठरावीक चाचण्यांपुरती दिली जाते. त्यामुळे प्रमाणपत्रासोबतच्या व्याप्तीच्या यादीत तुमची चाचणी आहे का, हे स्वतः वाचावे.

रीडवाचक

अदलाबदलीचा मुद्दा रास्त आहे, तो आधी निकालात काढावा. त्यानंतर सीबीएसच्या संबंधित एक्झॉनचे (प्रथिन घडवणाऱ्या तुकड्याचे) सँगर सिक्वेन्सिंग, म्हणजे तेवढाच भाग वेगळा काढून वाचण्याची जुनी पद्धत, करून घ्यावे. खोटी प्रत शरीरात नसल्यामुळे त्यात संदिग्धता उरणार नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेला मात्र नमुना पुन्हा चालवायला सांगू नका, कारण तोच संदर्भ राहिला तर निकालही तोच येईल. खोट्या प्रती झाकलेली जीआरसीएच३८ची आवृत्ती उपलब्ध आहे. जुन्याच फास्टक्यू फायली (न जुळवलेले मूळ रीड) तिच्याशी नव्याने जुळवून द्या, असे सांगा, आणि यापुढे प्रत्येक अहवालात सरासरी डेप्थऐवजी सीबीएसचा किती टक्के भाग जुळणीचा गुणांक चांगला असलेल्या किमान २० रीडनी झाकला गेला, हा आकडा लेखी मागा.