मदत हवी आहे: रीफ टँकसाठी ऑटो टॉप-ऑफ (एटीओ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

जुळे सोलापुरात राहतो. घरी तीन फुटी रीफ टँक (कोरल म्हणजे प्रवाळांचा, खाऱ्या पाण्याचा) आहे, सम्प (टँकखालची जोडटाकी) धरून साधारण २०० लिटर पाणी. झोअँथिड, दोन लेदर कोरल, एक युफिलिया अशी कोरल आणि क्लाउनफिशची जोडी. चिलर परवडत नाही, म्हणून उन्हाळ्यात पाण्यावर पंखे मारतो. पाणी गार राहतं, पण आपल्याकडची हवा कोरडी. रोज चार लिटर तरी उडून जातं.

मागे लग्नासाठी तीन दिवस लातूरला गेलो होतो. आईला एवढंच सांगितलं, "खूण केलीय तिथपर्यंत पाणी घालत जा." मासे समुद्रातले, म्हणून तिने पाणी बदलण्यासाठी कालवून ठेवलेलं खारं पाणी घातलं! तिची चूक नाही. पाणी उडालं तरी मीठ मागेच राहतं, त्यामुळे भरपाई आरओच्या गोड्या पाण्याने करायची, हे मीच सांगितलं नव्हतं. परत आलो तर रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं यंत्र) ३५ च्या जागी ३७ आणि युफिलिया मिटून बसलेलं. आता सावरलंय.

तर आता एटीओ घ्यायचाच. साधा बॉलकॉकसारखा फ्लोट व्हॉल्व्ह स्वस्त आहे, विजेची गरज नाही, पण त्यावर मीठ साचून तो अडकतो म्हणतात. फ्लोट स्विच आणि छोटा पंप हा दुसरा पर्याय. माझ्या सम्पमध्ये गोगलगायी फिरतात, एखादी नेमकी फ्लोटखाली बसली तर? टुन्झे कंपनीच्या ऑस्मोलेटर ३१५५ या एटीओमध्ये ऑप्टिकल सेन्सर (प्रकाशाने पातळी ओळखणारा) आणि वर सुरक्षेसाठी वेगळा फ्लोट असतो. मन तिकडे ओढतंय, खिसा नाही.

आरओची नळी थेट सम्पला जोडायचा विचार सोडून दिलाय. आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी, आणि व्हॉल्व्ह अडकला तर घरभर तळं.

खरी अडचण पंप ज्यातून गोडं पाणी ओढणार त्या डब्याची आहे. सहा दिवस बाहेर राहायचं तर २५ लिटरचा कॅन हवा. पण सेन्सर बिघडून तो सगळा टँकमध्ये गेला तर खारेपणा ३५ वरून थेट ३१ वर येईल. १० लिटरचा ठेवला तर ३३ वर थांबेल, पण पाणी अडीच दिवसांतच संपेल. तुम्ही काय करता?

प्रतिसाद १

मालक, आधी सायफनचं बघा. माझा सेन्सर ठणठणीत होता, पंपही वेळेवर बंद झाला, तरी रात्रभर पाणी येतच राहिलं. नळीचं तोंड सम्पच्या पाण्यात बुडालेलं आणि कॅनमधली पातळी त्याच्या वर! तोंड कॅनमधल्या पाण्यापेक्षा उंच आणि हवेत ठेवा. सेन्सर रिटर्न पंपाच्या (सम्पमधलं पाणी वर टँकमध्ये चढवणाऱ्या) कप्प्यातच लावा, पातळी तिथेच हलते. लाईट गेली की वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं, तेवढी जागाही रिकामी ठेवा.

प्रतिसाद २

ऑप्टिकलच घ्या, पण ठराविक वेळेपेक्षा जास्त पंप चालला तर आपोआप बंद होणारा. सेन्सरची काच आठवड्याला पुसा, बुडबुड्यांपासून लांब लावा. पंखे थर्मोस्टॅटवर टाका. रात्री उगाच चालत असतील तर तेवढं पाणी वाचेल. कॅन १५ लिटरचा पुरे.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. सायफनचं डोक्यातच आलं नव्हतं, नळी मी खाली बुडवूनच ठेवणार होतो. १५ लिटरचा कॅन, ऑप्टिकल सेन्सर आणि वर एक फ्लोट, असं ठरवतोय. तीन दिवसांनी आई कॅन भरेल. त्यावर "गोडं पाणी" अशी मोठी चिठ्ठी लावतो आणि खाऱ्या पाण्याचा ड्रम गच्चीवर नेऊन ठेवतो.

थर्मोस्टॅट किती अंशांवर लावलाय तुम्ही?